खाणगावं फक्त थॅचरबाईंनीच संपवली?

इंग्लंडच्या कोळसाखाणीच्या गावांचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: १९८४-८५चा खाणकामगारांचा संप मोडला, थॅचरबाईंनी खाणींना टाळं ठोकलं आणि गावं मेली. अर्धं खरं आहे. संपानंतरचा घाव खोलच होता. पण १९६०च्या दशकात, त्यातही मजूर पक्षाचे पंतप्रधान विल्सन यांच्या काळात, त्याहून जास्त खाणी बंद झाल्या होत्या. तेव्हा दुसरं काम मिळत होतं, म्हणून बोंब कमी झाली, इतकंच.

आणि ईशान्य इंग्लंडमधल्या डरहॅम परगण्यात तर मरणाची यादी १९५१मध्येच निघाली. तिथल्या कौन्सिलने गावांना अ, ब, क, ड अशा श्रेण्या दिल्या. शंभराहून अधिक गावं ‘ड’मध्ये गेली. म्हणजे नवं घर नाही, नवा खर्च नाही, घर रिकामं झालं की पाडायचं. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांची रांग, त्यातलं मधलंच घर गेलं की पडलेल्या दातासारखी फट. मागे परसात लीक, म्हणजे कांद्याच्या पातीचा दांडगा भाऊ, लावणारे खाणकामगार मात्र हटेनात. विटन पार्क हे गाव ‘ड’मध्ये होतं, बरंच पाडलं गेलं, तरी आजही नांदतं आहे. हे धोरण १९७७मध्ये गुंडाळलं. थॅचरबाई पंतप्रधान झाल्या १९७९ला.