गोव्यातील संग्रहालये: विनामूल्य प्रवेशामागचा इतिहास

पणजीत एक दिवस मोकळा असेल आणि खिशातून बसभाड्यापलीकडे फारसे काही काढायचे नसेल, तरी गोव्याचा बराच इतिहास पायी फिरून पाहता येतो. पोलीस मुख्यालयाला लागून असलेल्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातल्या निळ्या टाइल्स पाहायला कोणी पैसे मागत नाही. फोंतायनशमध्ये फुंदासांव ओरियेंत संस्थेच्या वास्तूत आंतोनियो शाविएर त्रिंदाद यांची चित्रे आहेत. आल्तिनो टेकडीवर सुनापरान्तची कलादालने आहेत. राज्य संग्रहालयातही अनेक वर्षे तिकीट नव्हते. जिथे तिकीट आहे, त्या सरकारी संग्रहालयांतही ते नाममात्रच असते.

ही उघडी दारे आता आपल्या सवयीची झाली आहेत. आत ठेवलेल्या वस्तूंपैकी कित्येक मात्र सर्वसामान्य माणसाने पाहाव्यात म्हणून कधीच जमवलेल्या नव्हत्या. काही सत्तेचा दरारा दाखवण्यासाठी होत्या, काही मठांच्या बंद खोल्यांत होत्या, काही पाडलेल्या देवळांच्या शिळा होत्या. त्या लोकांसमोर आल्या त्या दोन मोठ्या उलथापालथींमुळे. पहिली १८३५ सालची, दुसरी १९६१ची.

सुरुवात चित्रांपासून करावी लागते. १५४७ साली गोव्याचे तेव्हाचे पोर्तुगीज राज्यपाल जुवांव द कास्त्रो यांनी आपल्या आधीच्या सर्व राज्यपालांची पूर्णाकृती चित्रे काढून घेण्याचे ठरवले. देखरेखीचे काम गास्पार कोरैय्या या इतिहासलेखकाकडे होते आणि रंगकाम एका स्थानिक चित्रकाराने केले, असे सांगितले जाते. पुढे प्रत्येक व्हाइसरॉयची भर पडत गेली आणि ही प्रथा पोर्तुगीज अमलाच्या शेवटापर्यंत टिकली. चित्रे जुन्या गोव्यातल्या व्हाइसरॉयच्या वाड्यात टांगलेली असत. दरबारात येणाऱ्या वकिलाने, सरदाराने, व्यापाऱ्याने मान वर करून ती पाहावीत, एवढाच त्यांचा उपयोग. बार्देशातल्या शेतकऱ्याला किंवा सासष्टीतल्या माडी काढणाऱ्या रेंदेराला त्या दालनात पाऊल ठेवायचे कारणच नव्हते. आज साठच्या आसपास चित्रे जुन्या गोव्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संग्रहालयात आहेत आणि शाळेची मुले त्यांच्यासमोरून रांगेने जातात. दमट हवेने खराब झालेली ही चित्रे वेळोवेळी पुन्हा रंगवली गेली. त्यामुळे सोळाव्या शतकातला मूळ रंग कुठला आणि नंतरचा हात कुठला, हे ओळखणे अवघड आहे. मला तरी त्यांत चेहऱ्यांपेक्षा बदलत गेलेले पोशाख अधिक बोलके वाटतात.

पहिली उलथापालथ पोर्तुगालमधून आली. तिथल्या उदारमतवादी सरकारने १८३४ साली धार्मिक संघ बरखास्त केले आणि पुढच्या वर्षी गोव्यातले मठही रिकामे झाले. जुने गोवे तोपर्यंत साथींच्या रोगांनी ओस पडत चालले होते. व्हाइसरॉयचा मुक्काम १७५९ मध्येच पणजीच्या आदिलशाही वाड्यात हलला होता आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. ज्या वास्तूंत माणसे उरली नाहीत त्यांचे काय होते, ते संत ऑगस्टीनच्या मठावरून कळते. १८४२ साली त्याच्या चर्चचे छत कोसळले, १९३१ साली दर्शनी भाग पडला आणि आज मनोऱ्याचा एक भाग तेवढा उभा आहे. मठांतले सामान पांगले. काही वस्तू चर्चच्या इतर वास्तूंत गेल्या, काही विकल्या गेल्या. अशा वस्तूंपैकी बऱ्याच आज सांता मोनिकाच्या मठातील ख्रिस्ती कला संग्रहालयात दिसतात. ते १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनारीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, सुरू झाले आणि २००२ मध्ये जुन्या गोव्यात आले. तिथे तिकीट आहे, पण मांडणी आणि जपणूक पाहता ते द्यावे असे माझे मत आहे.

याच काळात पणजीत वाचायला आणि पाहायला लोकांसाठी खुली अशी पहिली जागा तयार झाली, ती ग्रंथालयाची. १८३२ मध्ये व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल इ कास्त्रो यांनी सार्वजनिक ग्रंथालय सुरू केले. आज पणजीच्या पाटो भागात कृष्णदास शामा यांच्या नावाने उभे असलेले राज्य मध्यवर्ती ग्रंथालय हा त्याचाच वारसा. १८७१ मध्ये वास्को द गामा संस्था स्थापन झाली. मुक्तीनंतर, १९६३ मध्ये, तिला लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचे नाव मिळाले. पोर्तुगीज हुकूमशाहीविरुद्ध लेखणी चालवलेल्या पत्रकाराचे नाव वास्को द गामाच्या जागी आले, हा बदल मला फार मोलाचा वाटतो. दालनातल्या टाइल्स मात्र जुन्याच, १९३५ सालच्या. जॉर्ज कुलासो या पोर्तुगीज कलाकाराने कामोंइश या कवीच्या महाकाव्यातले प्रसंग त्यांवर रंगवले आहेत. म्हणजे भिंतीवर साम्राज्याचे गुणगान आणि दारावर त्या साम्राज्याशी झगडलेल्या माणसाचे नाव.

संग्रहालयांची दुसरी मुळे दप्तरखान्यात आहेत. गोव्याचे अभिलेखागार १५९५ साली स्थापन झाले आणि दियोगु दु कोउतु हा त्याचा पहिला रखवालदार. पावसाळी वाऱ्यांवर येणाऱ्या गलबतांतून लिस्बनची पत्रे येत, म्हणून त्या पत्रव्यवहाराच्या बाडांना मान्सूनची बाडे म्हणत. मराठी वाचकाने हा दप्तरखाना विसरता कामा नये. १९३१ पासून तो सांभाळणारे पांडुरंग पिसुर्लेकर हे सत्तरीतल्या पिसुर्ले गावचे. शिवाजी महाराज, संभाजी महाराज आणि पुढे पेशवे यांच्याशी पोर्तुगीजांचा जो व्यवहार झाला, त्याचे कागद त्यांनी वाचून, लावून, छापून दिले. मराठ्यांच्या इतिहासाची एक मोठी बाजू या पोर्तुगीज कागदांवाचून अंधारातच राहिली असती.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि प्रश्न उभा राहिला, तो राज्यकर्त्यांच्या पुतळ्यांचे आणि चित्रांचे काय करायचे हा. गोव्याने ते फोडले नाहीत, जाळले नाहीत. १९६४ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाने संत फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चला लागून असलेल्या मठात संग्रहालय उघडले आणि व्हाइसरॉयांची चित्रे तिथे आली. पणजीत आज ज्याला आझाद मैदान म्हणतात, तिथल्या १८४७ सालच्या मंडपात गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो द आल्बुकेर्कचा पुतळा असे. तो मैदानातून निघाला, आज जुन्या गोव्याच्या याच संग्रहालयात आहे आणि मंडपाची जागा मुक्तिलढ्याच्या स्मृतीला मिळाली. कामोंइशचा भव्य धातूचा पुतळाही वादानंतर उघड्यावरून संग्रहालयात हलवला गेला. चौकात उभा असताना ज्या पुतळ्यासमोर मान झुकवायची अपेक्षा होती, त्याच्याकडे आता मुले निवांत पाहतात आणि प्रश्न विचारतात. मुक्तीचा अर्थ यातून जितका कळतो तितका भाषणांतून कळत नाही.

याच संग्रहालयात आणि राज्य संग्रहालयात कदंबकालीन वीरगळ आहेत, आणि वेळ थोडा असेल तर मी आधी तेच पाहायला सांगेन. वीरगळ महाराष्ट्रात गावोगावी दिसतात. गोव्यातल्या काही वीरगळांवर मात्र गलबतांची लढाई कोरलेली आहे: वल्ही मारणारे नाविक, ढालतलवारी घेतलेले शिपाई, वर स्वर्गात गेलेला वीर. कदंबांनी अकराव्या शतकात राजधानी चांदरहून गोपकपट्टणास, म्हणजे आजच्या गोवा वेल्ह्याला, आणली आणि समुद्रावर दबदबा निर्माण केला. त्या दर्याचे चित्र पाहायचे तर या दगडांवरच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. गोव्याच्या संग्रहालयांत देवळांचे भग्न अवशेष पुष्कळ दिसतात, पण अखंड, नामांकित देवमूर्ती तुलनेने कमी. कारण सोळाव्या शतकात देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी मूर्ती उचलून नदीपार नेल्या. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. अंत्रुज महाल, म्हणजे फोंड्याचा परिसर, तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. त्या मूर्ती आजही पूजेत आहेत. संग्रहालयात आली ती मागे राहिलेली शिळा. फोंड्याच्या देवळांत न जाता केवळ संग्रहालये पाहणाऱ्याला गोव्याचे अर्धेच चित्र मिळते.

राज्याचे स्वतःचे संग्रहालय यायला मुक्तीनंतरही वेळ लागला. १९७३ मध्ये अभिलेखागार खात्यात संग्रहालयाचा एक छोटा विभाग सुरू झाला. २९ सप्टेंबर १९७७ रोजी सांतिनेजच्या भाड्याच्या इमारतीत तो लोकांसाठी उघडला. त्याच १९७७ साली आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने १८ मे हा संग्रहालय दिन ठरवला. पाटोवरच्या स्वतंत्र इमारतीचे उद्घाटन १८ जून १९९६ रोजी राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांच्या हस्ते झाले. १८ जून म्हणजे गोव्याचा क्रांतिदिन. १९४६ मध्ये याच दिवशी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली होती. दिवस विचारपूर्वक निवडलेला होता. दालनेही तशीच: शिल्प, नाणी, ख्रिस्ती कला, मुक्तिलढा, मुद्रणकला. युरोपीय पद्धतीचा भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये जुन्या गोव्यात आला आणि फादर स्टीफन्सचे ओवीबद्ध मराठी पुराण १६१६ मध्ये राशोलला रोमन लिपीत छापले गेले. मुद्रणाच्या दालनाला गोव्याइतका हक्क भारतात दुसऱ्या कुणाचा नाही. याच संग्रहात इन्क्विझिशनचे, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाचे, म्हणून ओळखले जाणारे कोरीव मेज आणि उंच पाठीच्या खुर्च्या आहेत, तशीच पोर्तुगीज काळातल्या लॉटरीच्या सोडतीची दोन अजस्र फिरती यंत्रे.

पाटोची ती इमारत मात्र दोनेक दशकांतच धोकादायक ठरली आणि संग्रह मांडवीकाठच्या जुन्या सचिवालयात, म्हणजे आदिलशाही वाड्यात, हलवावा लागला. ज्या वाड्यात १७५९ पासून १९१८ पर्यंत व्हाइसरॉय राहिले आणि नंतर राज्याची विधानसभा भरत असे, तिथे लोकांचा ठेवा गेला, हे इतिहासाला धरूनच झाले. पण हजारो वस्तूंच्या संग्रहाला ती जागा अपुरी आहे आणि सगळे काही एका वेळी मांडता येत नाही. नवी कायमची वास्तू ही गोव्याची तातडीची गरज आहे. खाऱ्या, दमट हवेत पेटीत पडून राहिलेले लाकूड आणि कागद फार काळ वाट पाहत नाहीत.

नव्या भरीबद्दल थोडक्यात. मांडवीकाठच्या निळ्या इमारतीत, जुन्या पोर्तुगीज जकातघरात, सीमाशुल्क आणि जीएसटीचे ‘धरोहर’ हे राष्ट्रीय संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रार्पण झाले. नेपाळलगतच्या रक्सौल सीमेवर पकडलेले ऐन-ए-अकबरीचे हस्तलिखित तिथे आहे. आग्वादच्या तुरुंगाचे संग्रहालय १९ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. १९४६ मध्ये लोहिया तिथे होते आणि १९५५च्या सत्याग्रहानंतर नानासाहेब गोरेही. पिलारच्या सेमिनारीतल्या छोट्या संग्रहालयात गोपकपट्टण परिसरात सापडलेल्या वस्तू विनामूल्य पाहता येतात. २०१६ पासून डिसेंबरात होणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवाने तर पणजीच्या जुन्या वास्तूच प्रदर्शनाला खुल्या केल्या, तेही बिनतिकीट.

तिकीट लावून संग्रहालये सुधारतील, असे अधूनमधून म्हटले जाते. मला ते पटत नाही. पर्यटकाकडून जरूर घ्यावे. पण सांग्यातून किंवा पेडण्यातून पाच जणांचे कुटुंब पणजीला येते तेव्हा बसभाड्यावरच पुष्कळ खर्च झालेला असतो. वीरगळ त्यांच्याच पूर्वजांचे आहेत. सुधारणा हवी ती मराठी आणि कोंकणी माहितीफलकांत, रविवारी उघड्या असणाऱ्या दारांत आणि वस्तू समजावून सांगणाऱ्या माणसांत.

जुन्या गोव्याला जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असते आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. १८ एप्रिलचा वारसा दिन, १८ मेचा संग्रहालय दिन आणि १९ नोव्हेंबरपासूनचा वारसा सप्ताह या काळात पुरातत्त्व सर्वेक्षण अनेकदा सर्वांनाच मोफत प्रवेश देते. निघण्याआधी चौकशी करावी. पणजीच्या कदंब बसस्थानकावरून रायबंदरमार्गे जाणारी बस घेतली, तर १६३०च्या दशकात बांधलेल्या सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या लिन्यारिशच्या पुलावरून जाणे होते, तेही बसभाड्यातच.