आरओचं पाणी आणि सॉफ्टनरचं पाणी: बिअरसाठी कोणतं घ्यायचं?

अथणी-रायबाग-चिकोडीकडं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. गिझरची कॉइल पांढरी पडते, साबणाला फेस येत नाही, म्हणून गच्चीवर सॉफ्टनर बसतो आणि पिण्यासाठी स्वयंपाकघरात आरओ. दोन्हींतून ‘साफ’ पाणीच येतं, असं धरून चालतात. अंघोळीला, भांड्यांना काही बिघडत नाही. बिअरसाठी माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) भिजवायचा असेल तर मात्र सॉफ्टनरचं पाणी मूळ बोअरपेक्षाही वाईट ठरतं. (कर्नाटकात अबकारी परवान्याशिवाय बिअर बनवता येत नाही, ते आधी बघून घ्यावं.)

सॉफ्टनर पाण्यातून क्षार काढत नाही, त्यांची अदलाबदल करतो. रेझिनच्या (बारीक मण्यांच्या) टाकीत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अडकतं आणि त्याच्या जागी सोडियम पाण्यात उतरतं. कठीणपणा लिटरमागं १०० मिग्रॅ उतरला की ४६ मिग्रॅ सोडियम वाढतं. म्हणजे ३०० कठीणपणाच्या बोअरला जवळपास १४०. बायकार्बोनेट मात्र आहे तिथंच राहतं, आणि खरी गोम तिथंच आहे. मॅशमध्ये, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टमध्ये, कॅल्शियम माल्टमधल्या फॉस्फेटशी जुळून पीएच (आम्लतेचं माप; आकडा कमी तितकं आम्ल जास्त) खाली आणतं, बायकार्बोनेट तो वर ढकलतं. सॉफ्टनर खाली आणणारं काढून घेतो आणि वर ढकलणारं ठेवतो. फिक्या माल्टचा पीएच मग सहाच्या आसपास अडकतो: साखर कमी उतरते, सालातला तुरटपणा बिअरमध्ये येतो, हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) कडूपणा घशाला खरखरीत लागतो. हवा असतो ५.२ ते ५.६, तोही नमुना थंड करून मोजलेला.

उकळून घेतलं तर? जड पाणी उकळलं की कॅल्शियम बायकार्बोनेटला घेऊन तळाशी बसतं. सॉफ्टनरच्या पाण्यात कॅल्शियमच नाही, त्यामुळं कितीही उकळा, बायकार्बोनेटचा आम्लविरोध पाण्यातच राहतो.

आरओचा पडदा जवळपास सगळंच अडवतो, बायकार्बोनेटसुद्धा. हवे ते क्षार मोजून घालता येतात ते म्हणूनच. फक्त घरगुती मशीनमधला ‘टीडीएस कंट्रोलर’ बघा (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार). तो छोटा व्हॉल्व्ह चवीसाठी पडद्याला वळसा घालून आलेलं पाणी परत मिसळतो. मीटरवर ८०-१०० दिसत असेल तर त्यात बोअरचं बायकार्बोनेट असतंच. व्हॉल्व्ह बंद करून २०-३० पर्यंत आणा. मिनरलचं कार्ट्रिज असेल तर त्याच्या आधीचं पाणी घ्या. गावातल्या नाणं टाकून भरायच्या कॅनचंही टीडीएस एकदा मोजावं.

पाणी कुठलं हे ओळखायला दोन गोष्टी पुरतात. बाटलीत साबणाचा चुरा टाकून हलवा, मग टीडीएस बघा. फेस नाही, टीडीएस जास्त: बोअर. फेस भरपूर, टीडीएस तेवढंच: सॉफ्टनर. फेस भरपूर, टीडीएस कमी: आरओ. नुसत्या फेसावर जाऊ नका.

आता क्षार. २० लिटर आरओ पाण्याला (मॅशचं आणि माल्ट धुवायचं मिळून) ३ ग्रॅम जिप्सम आणि २ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट घातलं की लिटरमागं कॅल्शियम साधारण ६२, सल्फेट ८४, क्लोराइड ४८ मिग्रॅ होतं. हॉप्स उठून दिसावेत अशा पेल एलला (फिक्या माल्टच्या बिअरला) हे छान बसतं. माल्टचा गोडवा पुढं हवा असेल तर जिप्सम १ आणि कॅल्शियम क्लोराइड ३ ग्रॅम. डब्यावर ‘अनहायड्रस’ (पाण्याचा अंश नसलेलं) लिहिलं असेल तर कॅल्शियम क्लोराइड पाऊण भागच घ्या. काटा ०.१ ग्रॅमचा हवा, चमच्यानं अंदाज चुकतो. चोपण जमिनीसाठी कृषी सेवा केंद्रात मिळणारं जिप्सम इथं चालत नाही; दोन्ही क्षार खाद्य दर्जाचेच घ्या.

एवढं करूनही सगळा माल्ट फिका असेल तर पीएच ५.६ च्या वर राहू शकतो. मग ८८ टक्क्यांचं लॅक्टिक आम्ल अर्धा-अर्धा मिली घालत, ढवळत मोजावं. भाजलेला काळा माल्ट जास्त असेल तर उलटं होतं, पीएच ५.२ च्या खाली जातो. तिथं चिमूटभर खायचा सोडा.

बेळगाव शहरात राकसकोप-हिडकलचं नळाचं पाणी असेल तर त्यात क्लोरिन असतं आणि सॉफ्टनर ते काढत नाही. बिअरला औषधासारखा वास येतो तो त्यानंच. आरओआधीचा कार्बन फिल्टर ते धरतो, तो वेळेवर बदला. नाहीतर पडदाही जातो.

गच्चीवरचा सॉफ्टनर मात्र काढून टाकू नका. त्याचं पाणी आरओला जोडलं तर पडद्यावर चुना धरत नाही, आणि आलेलं सोडियम आरओच काढून टाकतो. रेझिन मिठानं धुतल्यावर पहिलं खारट पाणी तेवढं सोडून द्यायचं.