लग्न झालेल्या मुलीचा माहेरच्या जमिनीवर हक्क नसतो?

‘लग्नात दिलं-घेतलं, आता जमिनीत वाटा कसला?’ हे वाक्य गावोगावी कायदा म्हणून सांगितलं जातं. तो कायदा नाही. मात्र या समजाला एक जुनं मूळ आहे. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा वाटा दिला, पण 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्यांना वगळलं. ती अट लोकांच्या डोक्यात पक्की बसली.

हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ला देशभर लागू झाली, त्यात ही अट नाही. विवाहित असो वा अविवाहित, मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार. त्या तारखेला वडील हयात असण्याचीही गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेली वाटणी मात्र उकरता येत नाही.

बहिणीचा हक्क प्रत्यक्षात जातो तो हक्कसोडपत्रावर. वडिलांच्या दिवसकार्यानंतर ‘इथे सही कर गं’ म्हणत पुढे केलेला तो कागद वाचल्याशिवाय सही करू नका, ताई. सातबाऱ्यावर नाव नसेल तर पीककर्ज, ठिबकचं अनुदान स्वतःच्या नावावर मागणार कसं? रान राखणारी बाई कागदावर शेतकरीच ठरत नाही.