डायलवर एक नाव, आत दुसरंच: वारशाच्या घड्याळामागचा इतिहास

घरातल्या जुन्या माणसाचं मनगटी घड्याळ हाती आलं की नजर आधी डायलवरच्या नावाकडे जाते. त्या नावाचा शोध घेतला जातो आणि बहुतेकदा हाती काहीच लागत नाही. दोष शोधणाऱ्याचा नसतो, घड्याळाचा धंदाच तसा होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांतल्या असंख्य स्विस घड्याळांवर ज्याचं नाव छापलंय, त्यानं आतलं यंत्र बनवलेलंच नाही.

ज्युरा डोंगररांगांतल्या गावांमध्ये हे काम पूर्वापार घरोघर वाटलेलं होतं. एका घरात चाकं कापली जायची, दुसऱ्यात काटे, तिसऱ्यात केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच. 'एताब्लिसर' म्हणवणारा व्यापारी हे सगळं गोळा करायचा, जुळवून घ्यायचा आणि स्वतःचं किंवा दूरच्या एखाद्या गिऱ्हाइकाचं नाव घालून विकायचा. यात भांडवल कमी लागे, पण प्रत्येक भाग कानशीनं घासून त्या त्या यंत्रात बसवलेला असे. एकाचं चाक दुसऱ्यात बसेल याचा भरवसा नसे. अमेरिकेत वॉल्थमच्या कारखान्यानं मात्र यंत्रांवर एकसारखे, अदलाबदल करता येणारे भाग काढायला सुरुवात केली होती. १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनाच्या निमित्तानं लाँजीन या स्विस कंपनीचा अभियंता झाक दाव्हिद तिकडे गेला, कारखाने पाहून आला आणि परतल्यावर त्यानं स्विस घड्याळकारांना खरमरीत अहवाल दिला: असंच चालू ठेवलंत तर बाजार हातचा जाईल. पुढे स्वित्झर्लंडमध्ये यंत्रं आली, कारखाने उभे राहिले. कामाची वाटणी मात्र सुटली नाही. घरांच्या जागी कंपन्या आल्या, एवढंच.

त्यातूनच 'एबोश' बनवणारे मोठे झाले. एबोश म्हणजे यंत्राचा कच्चा सांगाडा: प्लेट, चाकांना धरून ठेवणारे ब्रिज आणि चाकं. पहिल्या महायुद्धानंतरच्या पडत्या काळात ए. शिल्ड, फोंतेनमेलोंचा कारखाना आणि ए. मिशेल हे तिघे १९२६मध्ये एबोश एस.ए. या छत्राखाली एकत्र आले. पुढच्या दोन दशकांत फेल्सा, व्हीनस, युनिटास, पेसू, एटा, व्हाल्जू हेही त्यात सामील झाले. आणि १९३४च्या सरकारी कायद्यानं कोणी काय बनवायचं, कोणते भाग देशाबाहेर पाठवायचे, यावरही परवान्याची चौकट घातली. म्हणजे मधल्या काळातली शेकडो नावं मोजक्याच कारखान्यांची यंत्रं वापरत होती, आणि यात फक्त स्वस्त नावं होती असं मुळीच नाही. व्हाल्जू ७२ हे क्रोनोग्राफचं, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेल्या घड्याळाचं, यंत्र रोलेक्सच्या डेटोनात होतं आणि हॉयरच्या कॅरेरातही.

म्हणूनच ओळख पटवायची तर मागचं झाकण उघडावं लागतं. बॅलन्स व्हील, म्हणजे ते सतत इकडून तिकडे हेलकावणारं चाक, हलकेच बाजूला येईल अशा कोनातून भिंगानं त्याच्याखालच्या प्लेटकडे पाहिलं तर तिथे जेमतेम दिसेल एवढा छाप असतो: एखादी ढाल, तिच्यात दोन-तीन अक्षरं आणि शेजारी एक आकडा. ढालीतलं 'एएस' म्हणजे ए. शिल्ड. आकडा हा यंत्राचा कॅलिबर, म्हणजे त्याचं मॉडेल. आकडा पुसट असेल तर यंत्राचा व्यास मोजतात, तोही 'लिन्य' या जुन्या फ्रेंच मापात. एक लिन्य म्हणजे साधारण २.२६ मिलिमीटर. साडेदहा लिन्यचं यंत्र २३.७ मिलिमीटर भरतं. कॅलिबर कळला की घड्याळ कोणत्या काळातलं, हे बऱ्यापैकी उलगडतं.

केसची गोष्ट वेगळी, कारण तो बनवणारा बहुधा तिसराच. झाकणाच्या आतल्या बाजूला सोन्याचांदीच्या शुद्धतेचे स्विस शिक्के सापडू शकतात. १८८०च्या कायद्यानंतरच्या जुन्या शिक्क्यांत १८ कॅरेटला हेल्वेशियाचं, म्हणजे स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं, मस्तक, १४ कॅरेटला खार, तर चांदीला प्रतीनुसार अस्वल किंवा रानकोंबडा. १९९५पासून या सगळ्यांच्या जागी एकटा सेंट बर्नार्ड कुत्रा आला. बरेचसे केस सोन्याचे नसतातच. पितळेवर वीस मायक्रॉनचा मुलामा आणि पाठ तेवढी स्टीलची, हा नेहमीचा प्रकार. आणि डायलवरच्या '१७ ज्वेल्स'नं कुणी हुरळून जाऊ नये. १९०२मध्ये व्हेर्नोई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं कृत्रिम माणिक बनवण्याची रीत जाहीर केल्यापासून हे खडे कवडीमोलाचे झाले. त्यांचं काम घर्षण कमी करण्याचं, मिरवण्याचं नव्हे.

काळ ठरवायला यंत्रातल्या सुधारणा उपयोगी पडतात. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना खिशातून घड्याळ काढणं परवडेना, म्हणून खिशातल्या छोट्या घड्याळांना तारेच्या कड्या डाख देऊन पट्टे लावले गेले. अशा कड्या दिसल्या तर घड्याळ त्या सुमाराचं. बॅलन्सच्या खड्यावर वीणेच्या आकाराची इवलीशी सोनेरी स्प्रिंग असेल तर ती इन्काब्लॉक, धक्क्यापासून बचाव करणारी, ती १९३४नंतरची. मात्र ती नाही म्हणून घड्याळ त्याआधीचं ठरत नाही, कारण पन्नाशीच्या दशकातही पैसे वाचवायला ती गाळली जायची. उलटा निष्कर्ष काढण्याची घाई इथे हमखास होते.

आकड्यांवरचा आणि काट्यांवरचा पिवळसर-तपकिरी रंग मात्र जपून हाताळायचा. तो रेडियमचा, म्हणजे किरणोत्सर्गी, असू शकतो. अमेरिकेत हा रंग भरणाऱ्या मुली ब्रशला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरायच्या आणि त्यातल्या अनेक जणी जबड्याच्या नि हाडांच्या रोगांनी गेल्या. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षं. रंग आता अंधारात चमकत नाही, कारण त्यातलं झिंक सल्फाइड थकलंय. रेडियम होतं तसंच आहे. साठच्या दशकात त्याची जागा ट्रिटियमनं घेतली, म्हणून डायलच्या तळाशी 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना 'टी' हे अक्षर दिसू लागलं. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, त्यामुळे तो आता जवळजवळ विझलेला. जुना रंग घरी खरवडायचा नाही, आणि रेडियमची शंका असली तर झाकणसुद्धा आपण उघडायचं नाही.

मग २५ डिसेंबर १९६९ला जपानच्या सेकोनं ॲस्ट्रॉन हे बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणलं. स्वित्झर्लंडमध्ये १९७०च्या सुमारास या धंद्यात ९० हजारांच्या आसपास माणसं होती; ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ती ३० हजारांवर आली. कारखाने बंद पडले, साचे भंगारात गेले. झेनिथमध्ये १९७५ला यांत्रिक क्रोनोग्राफची अवजारं काढून टाकायचा हुकूम आला, तेव्हा शार्ल व्हेर्मो या कारागिरानं ती एकेक करून माळ्यावर लपवली आणि त्यांची नोंदही ठेवली. ऐंशीच्या दशकात झेनिथचं एल प्रिमेरो हे क्रोनोग्राफ यंत्र पुन्हा बनू लागलं ते त्यामुळेच. बाकीच्या बहुतेक ठिकाणी असा व्हेर्मो नव्हता.

दुरुस्तीच्या वेळी नेमका हाच इतिहास आडवा येतो, आणि कामालाही येतो. कंपनी बुडाली, भाग मिळत नाहीत. पण तोच कॅलिबर दुसऱ्या पन्नास नावांखाली विकला गेलेला असतो. त्यातलं एखादं मोडकं, केस गेलेलं घड्याळ मिळवून त्याचं चाक किंवा बॅलन्स काढून घेता येतो. भाग एकसारखे करण्याचा दाव्हिदचा आग्रह इथे फळाला येतो. दोन यंत्रांचं एक करणं यात काही गैर नाही, मात्र विकताना ते सांगितलं पाहिजे.

बिघाडांतला नेहमीचा म्हणजे वाळलेलं तेल. एकेकाळी घड्याळाचं तेल पॉरपॉइज या सागरी प्राण्याच्या जबड्यातून काढलं जाई. अशी तेलं कालांतरानं घट्ट होऊन चिकटतात आणि कोरड्या खड्यांत फिरणारे बारीक दांडे झिजतात. म्हणून किल्ली दिल्यावर चालतंय असं दिसलं तरी साफसफाई न करता रोज वापरू नये. मेनस्प्रिंग, म्हणजे यंत्राला जोर देणारी मुख्य स्प्रिंगही पाहून घ्यावी. निळसर पोलादाची जुनी स्प्रिंग डब्यातून काढली की गुंडाळलेलीच राहते, म्हणजे तिचा जोर गेला. नव्या मिश्रधातूची बाहेर येताच 'एस'सारखी उलटी वळते. जुनी काढून नवी घालण्यात मूळपणा हरवल्याचं दुःख करू नये. ती झिजण्यासाठीच असते.

डायलचं तसं नाही. पूर्वी सर्व्हिसिंगमध्येच डायल नव्यानं रंगवून दिली जायची आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं. आज त्याच रंगकामानं संग्राहकांच्या लेखी घड्याळाची किंमत उतरते. अक्षरं जाडसर, रेघा आकड्यांपासून सरकलेल्या, तळाचं 'स्विस' गायब, कडेला अनोळखी खाच, अशा खुणांवरून हे ओळखता येतं. माझं मत विचाराल तर डाग पडलेली मूळ डायल तशीच ठेवावी आणि केसला पॉलिशही करू नये, कारण घासलेल्या कडा परत येत नाहीत. काम देण्यापूर्वी यंत्राचे, डायलचे आणि झाकणाच्या आतल्या शिक्क्यांचे फोटो काढावेत; रेडियमची शंका असेल तर आतले फोटो घड्याळजीलाच काढायला सांगावेत. बदललेली काच, किल्ली, स्प्रिंग हे सारं परत हवं, असं काम देतानाच सांगून ठेवावं. रेडियमचे काटे बदलले असतील तर तेवढे वगळून.