नदीने तोडून नेलेली जमीन कोणाची?

पुराने शेताचा एक तुकडा उभ्या झाडांसकट तोडला आणि खालच्या शेजाऱ्याच्या शेताला नेऊन लावला, तर तो कोणाचा? सम्राट जस्टिनियनने इसवी सन ५३३ मध्ये लागू केलेल्या रोमन कायद्याच्या पाठ्यग्रंथात याचं उत्तर आहे. नदी हळूहळू, लक्षातही येणार नाही अशा रीतीने जी भर घालते, ती काठच्या मालकाची. प्रवाहाच्या जोराने तुटून गेलेला, ओळखू येणारा तुकडा मात्र मूळ मालकाचाच. पुढे आणखी एक अट आहे. तो तुकडा बराच काळ शेजाऱ्याच्या जमिनीला लागून राहिला आणि त्याच्यावरच्या झाडांनी तिथे मुळं धरली, तर तेव्हापासून तो शेजाऱ्याचा.

पहिले दोन नियम दूरवर पोचले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने बंगालसाठी १८२५ मध्ये काढलेल्या अकराव्या रेग्युलेशनमध्ये जवळपास हेच आहे: सावकाश पडलेली भर लगतच्या धारकाची, पण नदीने एका इस्टेटीतून तोडून दुसरीला जोडलेला मोठा तुकडा ओळखता येत असेल तर मालक बदलत नाही. आपल्याकडे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातही मळईच्या, म्हणजे नदीच्या गाळाने तयार झालेल्या, जमिनीसाठी वेगळी कलमं आहेत. मुळांची अट मात्र मागे पडली. मला तीच सगळ्यांत शहाणी वाटते, कारण जमिनीवर काय रुजलंय हे फक्त ती विचारते. बाकीचे नियम पाणी कसं सरकलं एवढंच पाहतात.

नदी हीच दोन देशांची सीमा असली की एकाचे दोन प्रश्न होतात. शेत कोणाचं, आणि शेतावर राज्य कोणाचं? दुसऱ्याच्या भांडणात पहिला कसा चिरडला जातो, हे चामिसालच्या वादात स्पष्ट दिसतं.

अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात १८४८ च्या तहाने रिओ ग्रांदे नदीचा मध्यप्रवाह सीमा ठरला आणि १८५२ मध्ये त्याची मोजणी झाली. पण अमेरिकेतलं एल पासो आणि मेक्सिकोतलं सिउदाद ह्वारेस या जोडशहरांपाशी नदी दक्षिणेकडे सरकत राहिली. १८६४ च्या पुरात ती मोठी सरकली. सुमारे सहाशे एकरांचा चामिसाल हा मेक्सिकोचा पट्टा उत्तर काठाला, म्हणजे अमेरिकेच्या बाजूला गेला. पेद्रो गार्सिया नावाच्या मेक्सिकन मालकाची वडिलोपार्जित जमीन त्यात होती. १८८४ च्या करारात दोन्ही देशांनी तोच जुना भेद मान्य केला: नदी सावकाश सरकली तर सीमा तिच्याबरोबर, अचानक सरकली तर सीमा जुन्या पात्रात. १८९० च्या दशकात गार्सियाचा दावा सीमा आयोगापुढे आला, पण दोन देशांच्या दोन आयुक्तांचं एकमत झालं नाही.

१९११ मध्ये कॅनडाचे कायदेपंडित युजीन लाफ्लर यांच्या अध्यक्षतेखालच्या लवादाने पट्टा विभागला. १८६४ च्या पुराआधी सावकाश पडलेली भर अमेरिकेची, पुराने तोडलेला भाग मेक्सिकोचा. अमेरिकेने निवाडा मानला नाही. १८६४ चं पात्र नेमकं कुठे होतं हे आता शोधता येणार नाही, हा त्यांचा एक मोठा आक्षेप. तो अगदीच पोकळ नव्हता. पण त्यापायी भांडण आणखी अर्धं शतक चाललं, आणि तेवढ्यात चामिसालवर वस्ती वाढून एल पासोचे मोहल्ले उभे राहिले.

२९ ऑगस्ट १९६३ च्या तहाने वाद मिटला. देवाणघेवाणीनंतर मेक्सिकोला निव्वळ ४३७ एकर मिळाले आणि नदीला काँक्रीटच्या पात्रात बांधलं गेलं. राजनैतिक यश म्हणून या तहाचं कौतुक होतं आणि ते योग्यच आहे. पण जमीन कोणत्याही खासगी मालकीहक्काशिवाय, मोकळी करून मेक्सिकोला द्यायची असं ठरलं होतं. त्यामुळे सुमारे ५,६०० लोकांना घरं सोडावी लागली, आणि त्यांत बहुसंख्य मेक्सिकन वंशाचेच अमेरिकन होते. नुकसानभरपाई मिळाली, शेजार मोडला. रोमन अट लावली असती तर चामिसालवर मुळं कोणाची होती, हे वेगळं सांगायला नको.

बंगालमध्ये उलटा मार्ग धरला गेला. १९४७ च्या निवाड्यात फाळणीची सीमा आखणाऱ्या रॅडक्लिफ यांनी लिहून ठेवलं की सीमा जिल्ह्यांच्या हद्दीप्रमाणे राहील, गंगेच्या प्रत्यक्ष प्रवाहाप्रमाणे नाही. तरीही भारतातलं मुर्शिदाबाद आणि तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं, आताच्या बांगलादेशातलं राजशाही यांच्यामधल्या रेषेवर वाद झालाच, आणि तो स्वीडनचे न्यायाधीश आल्गोत बागे यांच्या लवादाकडे गेला. त्यांचा निवाडा १९५० मध्ये आला. नदीला अर्थातच यातलं काही बांधून ठेवू शकलं नाही. पद्मा, म्हणजे तिथली गंगा, एक काठ खाते आणि दुसरीकडे चर, म्हणजे वाळू-गाळाचं बेट, वर काढते. बुडालेली जमीन त्याच जागी पुन्हा वर आली तर ती जुन्या मालकाचीच, असं प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १८७० मध्ये भागलपूरकडच्या गंगाकाठच्या एका दाव्यात सांगितलं होतं. पण सीमेवरच्या चरात मालकी सिद्ध झाली तरी काम संपत नाही. मुर्शिदाबादच्या सीमेवरचे शेतकरी सीमा सुरक्षा दलाच्या चौकीवर ओळखपत्र जमा करून, ठरलेल्या वेळेतच आपल्या शेतात जातात आणि परत येतात.