ब्रेक पॅडची झीज (मोटारसायकल)

मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकचे पॅड किती झिजले आहेत आणि ते कधी बदलायला हवेत, याची पारख. पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर पक्का चिकटवलेला घर्षण मिश्रणाचा थर. ब्रेक दाबला की कॅलिपरमधील (डिस्कच्या कडेवर चिमट्यासारखा बसवलेला भाग) पिस्टनच्या जोरावर दोन पॅड फिरती डिस्क दोन्ही बाजूंनी आवळतात आणि दर वेळी या थराची थोडी भुकटी होते. चाकावर साचणारी काळी-करडी पूड बरीचशी त्याचीच असते. नव्या पॅडवरचा थर साधारण ४ ते ५ मिलिमीटर जाड असतो. उत्पादक घालून देतात ती किमान मर्यादा बहुतेक गाड्यांत १ ते २ मिलिमीटरच्या दरम्यान येते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. थर २ मिलिमीटरवर आला की नवे पॅड आणून ठेवणे शहाणपणाचे.

झीज ओळखण्यात खरी अडचण अशी की ब्रेक ती लपवतो. ड्रम ब्रेकमध्ये शू (ड्रमला आतून घासणारे अर्धगोल तुकडे) झिजले की पेडल किंवा लिव्हर सैल पडतो आणि नट आवळावा लागतो, त्यामुळे चालवणाऱ्याला पायाने-हातानेच कळते. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकमध्ये तसे होत नाही. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची रबरी सील असते. ब्रेक दाबताना ती किंचित पिळली जाते आणि सोडल्यावर मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे ओढते. पॅड झिजल्यामुळे पिस्टनला जास्त पुढे जावे लागले, तर तो सीलमधून सरकतो आणि पुढेच राहतो. पॅड आणि डिस्कमधले अंतर त्यामुळे कायम तेवढेच राहते. म्हणून नव्या पॅडवर लिव्हर जेवढा दाबावा लागे, जवळजवळ तेवढाच तो संपत आलेल्या पॅडवरही लागतो. ‘ब्रेक तर छान लागतोय’ हा पॅड शिल्लक असल्याचा पुरावा धरता येत नाही. उलट, लिव्हर स्पंजासारखा मऊ लागत असेल तर पॅडपेक्षा नळीत शिरलेल्या हवेचा किंवा जुन्या ब्रेक ऑइलचा संशय आधी घ्यावा.

तेव्हा डोळ्यांनी पाहणे हाच भरवशाचा मार्ग. गाडी स्टँडवर लावून टॉर्चचा उजेड कॅलिपरच्या फटीत सोडला की डिस्कच्या दोन्ही अंगांना दोन-दोन थर दिसतात: बाहेरच्या बाजूला पोलादी पट्टी आणि डिस्कला लागून घर्षणाचा थर. धूळ आणि गंज बसल्यावर दोन्हींचा रंग सारखाच मळकट होतो आणि पट्टीची जाडी थरात मोजली जाण्याची चूक हमखास होते. ब्रशने कड साफ करून दोहोंमधली रेघ आधी शोधावी, मग जाडीचा अंदाज करावा. बऱ्याच पॅडच्या थरात खाच पाडलेली असते, तर काहींच्या कडेला पायरीसारखी खूण असते. नखाला खाच लागेनाशी झाली की पॅड मर्यादेला पोचला असे समजावे.

एकच पॅड पाहून उठू नये. पिस्टन एकाच बाजूला असलेल्या सरकत्या कॅलिपरमध्ये आतला आणि बाहेरचा पॅड नेहमी सारखे झिजत नाहीत. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या सरकपिना सुकल्या किंवा गंजल्या तर एक पॅड पट्टीपर्यंत संपतो आणि दुसरा अर्धा शिल्लक असतो. दिसायला सोपा बहुधा बाहेरचाच, आणि फसगत तिथेच होते. निर्णय नेहमी सर्वांत पातळ जागेवरून घ्यायचा, बदलताना मात्र जोडी बदलायची. पुढे दोन डिस्क असतील तर दोन्हीकडचे पॅड एकाच वेळी.

ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी हा दुसरा, कमी ओळखला जाणारा संकेत. पिस्टन पुढे सरकतात तशी त्यांच्यामागची जागा ऑइल भरून काढते आणि डबीतली पातळी हळूहळू उतरते. पातळी खालच्या खुणेजवळ दिसली की लगेच ऑइल ओतण्याची घाई होते. आधी पॅड पाहावेत, आणि ते जाड असतील तर गळती शोधावी. झिजलेल्या पॅडवर डबी काठोकाठ भरली, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलल्यावर तेच ऑइल उसळून बाहेर येते आणि टाकीचा रंग खाते.

आवाजावर फार विसंबू नये. बारीक चिरका आवाज पॅडच्या कंपनामुळे येतो आणि नव्या पॅडचाही येऊ शकतो. धातूवर धातू घासल्याची खरखर मात्र वेगळी: पोलादी पट्टी डिस्कला लागलेली असते, डिस्कवर चरे पडतात, आणि पॅडच्या खर्चात डिस्कचाही खर्च मिळतो. त्या अवस्थेत गाडी पुढे चालवू नये. थर पातळ असला की उष्णताही पिस्टनकडे लवकर पोचते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब घाट उतरताना पातळ पॅड आणि जुने ऑइल एकत्र आले तर ऑइलला उकळी फुटून लिव्हर पोकळ जाऊ शकतो.

किलोमीटरचा ठरावीक आकडा देता येत नाही. मिश्रण सेंद्रिय आहे की सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून-तापवून केलेले), वाटेत चिखल किती, चालवणारा वेग आधीच कमी करतो की शेवटच्या क्षणी ब्रेक आवळतो, यावर सारे अवलंबून. जोरात थांबताना भार पुढच्या चाकावर येतो. तरी सतत मागच्या पेडलवर पाय ठेवणाऱ्याचे मागचेच पॅड आधी संपतात. जाडी भरपूर असूनही पॅड टाकून द्यावे लागतात ते थर तडकला, पट्टीपासून सुटला किंवा त्यात तेल मुरले तर. तेल मुरलेला पॅड घासून-धुऊन पुन्हा भरवशाचा होत नाही.

पॅड बाहेर काढले असताना डिस्कचीही जाडी मोजून घ्यावी. तिची किमान मर्यादा बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. नवे पॅड बसवल्यावर पहिल्यांदा लिव्हर पार हँडलपर्यंत जातो, कारण पिस्टन मागे ढकललेले असतात. गाडी जागेवरून हलवण्यापूर्वी तो घट्ट होईपर्यंत पुनःपुन्हा दाबावा, आणि पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवावे.