दक्षिणेपासून रोजगार हमीपर्यंत : गरिबाला मदत करण्याविषयीच्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

सिग्नलवर हात पुढे करणाऱ्या मुलाला पैसे द्यावेत का, सरकारने धान्य फुकट वाटावं का, देवस्थानच्या अन्नछत्रात धडधाकट माणसाने जेवावं का, असे वाद आपल्याकडे रोज होतात. बोलणाऱ्याला वाटतं, प्रश्न आजचा आहे. पण महाराष्ट्रात हा वाद निदान दोनशे वर्षं लेखी स्वरूपात चालू आहे आणि त्यातली जवळपास प्रत्येक बाजू आधी कोणीतरी मांडून ठेवलेली आहे.

सुरुवात दानाच्या जुन्या कल्पनेपासून करावी लागते. योग्य स्थळी, योग्य वेळी आणि योग्य पात्राला, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेलं दान सात्त्विक, असं गीतेचा सतरावा अध्याय सांगतो. व्यवहारात यातला ‘योग्य पात्र’ हा भाग सर्वांत वजनदार ठरला. घेणारा किती उपाशी आहे यापेक्षा तो कोण आहे, हे आधी पाहिलं जाऊ लागलं. पुण्य देणाऱ्याच्या खात्यात जमा व्हायचं असल्यामुळे नजर देणाऱ्यावरच राहिली.

पेशवाईतली श्रावणमास दक्षिणा हे याचं सर्वांत मोठं उदाहरण. ही प्रथा मूळची तळेगावच्या दाभाड्यांची. पुढे ती पेशव्यांनी पुण्यात चालू ठेवली आणि पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात, म्हणजे भिंतींनी वेढलेल्या पटांगणात, दूरदूरच्या ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाऊ लागली. त्यातून वेदशास्त्राच्या अध्ययनाला आधार मिळाला, हे खरं. पण ही गरिबांना मदत नव्हती. रमण्याच्या भिंतीबाहेर उभा असलेला उपाशी माणूस त्या हिशेबात कुठेच नव्हता.

1818 नंतर इंग्रजांनी दक्षिणा पूर्ण बंद केली नाही, रक्कम मात्र कमी केली. मग 1848 पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात लोकहितवादींची, म्हणजे गोपाळ हरी देशमुखांची, पत्रं येऊ लागली आणि आळशी भिक्षुकाला पोसण्यात कसला धर्म, हा सवाल ब्राह्मण घरातूनच विचारला गेला. 1849 च्या सुमारास पुण्यातल्या सुधारकांनी दक्षिणेतली काही रक्कम चांगल्या मराठी ग्रंथांच्या उत्तेजनासाठी वापरावी, असा अर्ज सरकारकडे केला. सनातनी मंडळी खवळली. सुधारकांना मारहाण होईल अशी चिन्हं दिसताच तरुण जोतीराव फुले महार-मांग सोबत्यांना घेऊन त्यांच्या संरक्षणाला उभे राहिले. 1851 मध्ये मराठी ग्रंथांना बक्षिसं देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी आली. दानाचा पैसा कोणाचा आणि तो कोणत्या कामी लागावा यावर रस्त्यावर ताण निर्माण व्हावा, ही आपल्याकडची मोठी घटना आहे आणि तिची आठवण फारशी कोणी काढत नाही.

भक्तिपरंपरेत मात्र दुसरा धागा आधीपासून होता. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बेदरच्या सुलतानाची धान्याची कोठारं लोकांना खुली केली आणि दरबाराचं देणं विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात जाऊन फेडलं, ही कथा घराघरात माहीत आहे. धान्य राजाचं होतं, दामाजीपंतांचं नव्हतं, हे ती कथा लपवत नाही. तरीही ती भुकेल्याच्या बाजूने निकाल देते आणि देव स्वतः महार होऊन हिशेब चुकता करतो. तुकोबांनी 1630 च्या आसपासचा दुष्काळ घरात भोगला. त्यांची एक पत्नी अन्नान्न करत गेली. सावकारीची आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. कर्जमाफीवर आज तावातावाने बोलणाऱ्या दोन्ही बाजूंनी ही गोष्ट आठवावी. आणि रंजल्या-गांजल्याला आपलं म्हणणारे तेच तुकोबा भिक्षापात्र हाती धरून जगणं लाजिरवाणं मानत होते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने मनापासून म्हटलेल्या आहेत.

वादाला खरी धार आली ती 1876-78 च्या दुष्काळात. दख्खन होरपळत होतं आणि सरकारी धोरणामागे एक पक्की समजूत होती : सहज मदत दिली की माणूस आळशी होतो. म्हणून मदत हवी असेल तर खडी फोडायची, माती वाहायची. 1877 च्या सुरुवातीला हिंदुस्थान सरकारने दुष्काळाच्या पाहणीसाठी पाठवलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्यावरून मजुरी आणखी कापली गेली. दिवसभराच्या अंगमेहनतीला पुरुषाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्याइतके पैसे आणि वर एक आणा. मुंबई इलाख्यातल्या उपाशी मजुरांनी हजारोंच्या संख्येने कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन गावोगावची परिस्थिती सरकारपुढे मांडली. ज्यांच्यापाशी खायला नव्हतं त्यांनी संप करावा, यातच मजुरी किती अपमानास्पद होती ते कळतं.

त्याच दुष्काळात जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम उघडला. तिथे मुलांना रोज भाकरी मिळू लागली. सावित्रीबाई एप्रिल 1877 मध्ये जुन्नरकडच्या ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहून दुष्काळाची आणि मदतकार्याची हकीकत कळवत होत्या. पण जोतीराव भाकरी वाटून थांबले नाहीत. 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी प्रश्न उलटा केला. कुणबी गरीब का? जन्मापासून मरणापर्यंत, आणि मेल्यावरही, प्रत्येक विधीला तो दक्षिणा देतो. त्यावर सरकारचा शेतसारा, कोर्टकचेरी, अंमलदारांची लूट. म्हणजे ज्याला आपण दानाचा घेणारा समजतो तोच पिढ्यान्‌पिढ्या देणारा होता, आणि देऊन देऊन रिकामा झाला होता. या विषयावर मराठीत झालेलं सर्वांत मूलगामी लेखन माझ्या मते हेच आहे. ते एकदा मनात उतरलं की ‘फुकट्या’ हा शब्द तोंडातून सहज निघत नाही.

त्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने 1880 मध्ये अहवाल दिला आणि त्यातून दुष्काळसंहिता, म्हणजे दुष्काळात सरकारने काय मदत करायची याचे लेखी नियम, आले. 1896 च्या दुष्काळात टिळकांच्या ‘केसरी’ने आणि सार्वजनिक सभेच्या प्रचारकांनी हीच संहिता शेतकऱ्यांना समजावून सांगितली : काय मिळायला हवं, सारा कधी तहकूब व्हायला हवा, हे कागदावर लिहिलेलं आहे, ते मागा. दयेची विनवणी करण्याऐवजी नियमावर बोट ठेवण्याची सवय इथून लागली. त्याच दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुलीबाळी आणून केडगावला त्यांना आसरा आणि शिक्षण दिलं. अन्नाच्या बदल्यात ख्रिस्ती धर्म, हा आरोप त्यांच्यावर झाला. त्याची चर्चा अजूनही होते. पण त्या मुलींना रस्त्यावरून उचलायला दुसरं कोण गेलं होतं, हाही प्रश्न त्या चर्चेत यायला हवा.

हक्काची कल्पना केवळ आधुनिक आहे असंही नाही. संपन्न माणसाच्या मालमत्तेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क आहे, असं कुराण सांगतं. जकात ऐच्छिक नाही, ती वर्षाच्या बचतीवर साधारण अडीच टक्के द्यावीच लागते. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातल्या लंगरमध्ये जात आणि ऐपत न विचारता सगळे एका पंगतीला बसतात.

1932 मध्ये, पुणे करारानंतर काही आठवड्यांत, डॉ. आंबेडकरांनी लंडनला जाताना बोटीवरून ठक्करबाप्पांना पत्र लिहिलं. पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेचे ठक्करबाप्पा चिटणीस होते. बाबासाहेबांनी त्यात दोन दृष्टी समोरासमोर ठेवल्या. एका दृष्टीने माणसाच्या हलाखीला त्याचं वैयक्तिक वागणं जबाबदार असतं. मग उपाय ठरतात दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालयं, सद्गुणांची शिकवण. दुसरी दृष्टी सांगते की त्याची परिस्थिती त्याला तसं ठेवते. मग आधी विहीर, शाळा, चावडी, रोजगार यांवरचा अधिकार मिळवून द्यावा लागतो, त्यासाठी गावात संघर्ष झाला तरी. बाबासाहेब अर्थातच दुसऱ्या बाजूला होते. गरिबाच्या ‘सवयीं’वर बोलणारं आजचं प्रत्येक भाषण या पत्रातल्या पहिल्या रकान्यात बसतं.

गाडगेबाबांचा मार्ग वेगळा होता. झाडलोट किंवा मिळेल ते काम केल्याशिवाय ते भाकर घेत नसत. पण लुळ्यापांगळ्यांना अन्न देताना त्यांनी कधी अट घातली नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. स्वतःसाठी कडक नियम आणि दुसऱ्यासाठी मोकळा हात, हे त्यांचं वागणं मला सर्व उपदेशांहून मोठं वाटतं. वरोऱ्याला आनंदवन उभारताना बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांना भीक नको, काम हवं असं म्हटलं आणि ते करून दाखवलं.

राज्याने मात्र दोन्ही टोकं गाठली. 1959 च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने भीक मागणं गुन्हा ठरवला. पहिल्याच खेपेला माणसाला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात डांबता येतं. दिल्लीला लागू केलेल्या याच कायद्याच्या अनेक तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयाने 2018 मध्ये घटनाबाह्य ठरवल्या. दुसरीकडे सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे साठच्या दशकात तासगाव भागात ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना आजमावत होते. 1972 चा दुष्काळ आला तेव्हा लाखो बायाबापड्या दुष्काळी कामांवर खडी फोडत होत्या, सरकारने वाटलेली सुकडी आणि मिलो नावाची परदेशी ज्वारी खाऊन दिवस काढत होत्या. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा झाला. विधिमंडळाने तो 1977 मध्ये मंजूर केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. खर्चासाठी शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसला. शंभर वर्षांपूर्वी खडी फोडणं ही उपाशी माणसाची परीक्षा होती, आता तेच काम तो सरकारकडून मागून घेऊ शकत होता. मस्टरवरच्या, म्हणजे हजेरीपटावरच्या, खोट्या नावांपासून थकलेल्या मजुरीपर्यंत या योजनेचे घोटाळे सर्वांना माहीत आहेत. तरीही 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याला नमुना मिळाला तो इथूनच.

दान आणि हक्क आज कुठे एकमेकांना भिडतात ते पाहायचं तर धर्मादाय रुग्णालयांकडे पाहावं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातलं कलम 41-कक आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2006 पासून लागू झालेली योजना यांनुसार अशा रुग्णालयाला 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम त्यासाठी वेगळी ठेवावी लागते. रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. पण तातडीच्या वेळी रुग्णाला दाखल करून आधी उपचार द्यायचे, अशा रुग्णाकडून अनामत रक्कम मागायची नाही, हेही त्या योजनेत स्पष्ट आहे. खाट नाकारली तर तक्रार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात करता येते.